शंभरच्या वर असेल तरच टीव्ही

आजारी मुलांना टीव्ही दाखवावा की नाही, या विषयात मी चार दिवस तज्ज्ञ होतो. त्याआधी मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि आता तर मी त्यावर बोलणंच सोडून दिलं आहे. पण त्या चार दिवसांत कुणी विचारलं असतं तर मी छापील कागद काढून दिला असता.

तोपर्यंत आमच्या घरी या बाबतीत काही धोरणच नव्हतं. मुलगी आजारी पडली की बायको तिला सोफ्यावर आडवी करायची, अंगावर पांघरूण घालायची आणि टीव्ही लावून द्यायची. "बिचारी आजारी आहे, बघू दे," म्हणून मोकळी. माझी आई तिच्याही पुढची. तिला दुपारी मालिकांचे कालचे भाग परत बघायचे असतात, त्यामुळे नात घरी असली की तिला सोबतच व्हायची. दोघी एकाच पांघरुणात पाय घालून बसायच्या. अर्धा तास नातीचं कार्टून, अर्धा तास आजीची मालिका. मध्ये मऊ भात, वरून तूप. आमच्याकडे आजारपण असं मजेत पार पडायचं, आणि मला नेमकं हेच खुपत होतं.

खुपायला कारण होतं. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांना लागणारे सुटे भाग आमच्याकडे बनतात आणि ते मापात आहेत की नाहीत हे बघणं माझं काम. चौदा वर्षं झाली, रोज सकाळी पिंपळे सौदागरहून कंपनीच्या बसने जातो, दिवसभर लोकांना सांगतो की चूक माणसाची नसते, पद्धतीची असते, आणि संध्याकाळी मोशीच्या ट्रॅफिकमध्ये बसून त्याच माणसांना मनातल्या मनात शिव्या देत परत येतो. इतक्या वर्षांत डोक्यावर परिणाम व्हायचा तो होतोच. बायको म्हणते, याला पोळी वाढली तरी हा आधी तिचा व्यास बघतो.

तर माझ्या क्वालिटीच्या नजरेला असं दिसलं की आमची तिसरीतली मुलगी सोमवारी जास्त आजारी पडते. पोटात दुखतं, डोकं जड होतं, घसा 'असा कसातरी' होतो. शाळेची बस गेली की घसा सुधारतो. आजारपणाला आपण टीव्हीचं बक्षीस लावलं तर आजारपण वाढणारच, यात नवल ते काय? मी एका रविवारी बसून तक्ता तयार केला. ताप शंभर किंवा त्याच्या वर असेल तर टीव्ही चालू. शंभरच्या खाली असेल तर टीव्ही बंद, मग आराम, पुस्तक किंवा राहिलेला गृहपाठ. दर दोन तासांनी ताप मोजायचा आणि लिहायचा. औषध दिल्याची वेळ लिहायची. टीव्ही चालू असताना मोठ्या माणसाने शेजारी बसून लक्ष ठेवायचं, आणि या कामासाठी आजीला मोठं माणूस धरलं जाणार नाही. कागदाला प्लास्टिकचं कव्हर घालून मी तो फ्रिजवर लावला, आणि खाली नोंदींसाठी ग्राफचा कागद.

बायको ताथवड्याला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिने कागद उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाली, "मुलीवर एक बारकोड पण चिकटव, म्हणजे शोधायला बरं."

आईला मी वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकलं.

"म्हंजी पोरगी बरी झाली की टीव्ही बंद?"

"हो."

"आन आजारी ऱ्हायली की चालू?"

"हो. खरोखर आजारी असेल तर."

"बरं हाय," आई म्हणाली आणि लसूण सोलायला लागली.

गणपती उठले आणि सोसायटीतली निम्मी पोरं तापाने पडली. त्यात आमचीही पडली. सोमवारी सकाळी मी मोठ्या संशयाने थर्मामीटर लावला, तर एकशे एक पॉइंट चार. खरा ताप. बायकोच्या कॉलेजात परीक्षा चालू होत्या, तिला सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. माझ्याकडे एका गिऱ्हाइकाची तक्रार आली होती, परत आलेल्या मालाचा रिपोर्ट लिहायचा होता. तो घरी बसून लिहितो असं साहेबांना सांगून मी घरी थांबलो. आमच्या कंपनीत घरून काम करणं म्हणजे जवळजवळ पळून जाण्यासारखं मानतात, त्यामुळे साहेब "बरं" म्हणाले ते कसं, ते मलाच माहीत.

पहिला दिवस फार छान गेला. ताप शंभरच्या वर, म्हणून टीव्ही चालू. टीव्ही चालू, म्हणून मी नियमाप्रमाणे शेजारी. तिच्या कार्टूनमध्ये एक बेडूक पोस्टमन होता आणि तो पत्रं वाटायच्या आधी फोडून वाचायचा. मी विचारलं, याला कामावरून काढत का नाहीत? मुलगी इतकी हसली की तिला खोकला आला. मग तिने पाय माझ्या मांडीवर टाकले आणि गावात कोण कोण राहतं, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे सगळं मला समजावून सांगितलं. मी लक्ष ठेवत होतो. अकरा वाजता तिला गुलाबी सिरप दिलं, बाराला ताप मोजला. नव्व्याण्णव पॉइंट दोन. मी टीव्ही बंद केला.

"बाबा, एवढा भाग संपू दे ना."

"नव्व्याण्णव पॉइंट दोन," मी थर्मामीटर तिच्यासमोर धरला. आपल्या मुलांशी आपण पारदर्शक असायला हवं.

मग मी डायनिंग टेबलावर जाऊन हेडफोन घातले आणि रिपोर्ट उघडला. ती छताकडे बघत पडून राहिली. आई आतून येऊन तिच्या कपाळाला हात लावून गेली आणि मला म्हणाली, "तापलीया, लाव टीव्ही." मी आईला तक्ता दाखवला. ती तिच्या मालिकेला मुकली होती, म्हणून तिच्या हाताला सगळीकडे ताप लागतोय असं मी गृहीत धरलं.

त्या दुपारपासून मुलीचा ताप उतरेना.

मंगळवारी तो एकशे दोनला गेला. औषध दिलं, तासाने मोजला, एकशे एक पॉइंट आठ. परत सहा तासांनी दिलं, परत तेच. टीव्ही दिवसभर चालू आणि मी दिवसभर सोफ्यावर. आई मिठाच्या पाण्यात रुमाल भिजवून पट्ट्या ठेवत होती, वाळलेले रुमाल बाल्कनीत नेऊन टाकत होती, नवे आणत होती. मी दर तासाला ग्राफवर एक ठिपका वाढवत होतो. कंपनीतून सहकाऱ्याचा फोन आला, "राव, रिपोर्टचं काय?" मी म्हणालो, घरी क्रिटिकल चालू आहे. आणि काळजी तर होतीच, पण ती पद्धतशीर होती.

पहिला संशय अर्थातच थर्मामीटरवर. मी खाली जाऊन दुसरा आणला. दोघांत पॉइंट चारचा फरक आला. मग शेजाऱ्यांकडून तिसरा आणला आणि तिन्ही स्वतःला लावून बघितले, मग आईला लावले. "मला कशाला लावतो? मी बरी हाय," ती काखेत थर्मामीटर धरून म्हणत होती. तिन्हींची सरासरी काढायची असं ठरवलं. सरासरीनेही ताप तेवढाच भरला. दुसरा संशय औषधावर. बाटलीची तारीख बघितली, झाकण बघितलं, हलवून बघितली. त्यात एक गोष्ट फार विचित्र होती. रात्री झोपताना बायको त्याच बाटलीतलं औषध द्यायची, ते लागू पडायचं. पहाटेपर्यंत अंग गार. दिवसा मी दिलेलं मात्र अंगाला लागायचं नाही.

"मग दिवसाचं पण मीच देऊन जाऊ का?" बायकोने विचारलं.

मी तिला समजावलं की दुपारी शरीराचं तापमान मुळातच वाढतं. एकच मशीन, एकच माल, फक्त माणूस बदलला की निकाल बदलतो, हे कंपनीत एखाद्या शिकाऊ पोराने माझ्यासमोर ठेवलं असतं तर मी अर्ध्या मिनिटात त्या माणसाकडे बोट दाखवलं असतं. इथे तो माणूस मी होतो, म्हणून मला हवामान आठवलं.

बुधवारी डॉक्टरांकडे गेलो. ते आमच्या सोसायटीच्या खालीच बसतात. त्यांनी घसा बघितला, छाती बघितली आणि विचारलं, "औषध वेळेवर देताय ना?"

हा प्रश्न मला विचारावा? मी ग्राफ पुढे केला. डॉक्टरांनी तो बघितला, आडवा करून बघितला, आणि म्हणाले, "छान काढलाय." मग म्हणाले, की आजूबाजूला डेंग्यू आहे, रक्त तपासून घेऊ. आणि उद्या संध्याकाळपर्यंत ताप खाली आला नाही, तर ॲडमिट करून बघावं लागेल.

तिथे माझी सगळी पद्धत गळून पडली. रक्त काढायला बसलो तेव्हा मुलीने माझं बोट दोन्ही हातांनी धरलं होतं. सुई शिरली तशी ती मोठ्याने रडली, माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि परत मिटलं. मला वाटलं, शूर पोर आहे. संध्याकाळी रिपोर्ट आला, डेंग्यू नव्हता, बाकी सगळं ठीक. ताप एकशे दोन पॉइंट दोन. रात्री बायको दवाखान्यात न्यायच्या पिशवीत तिचे दोन फ्रॉक आणि टूथब्रश भरत होती, आणि मी दाराशी उभा राहून ते बघत होतो. त्या रात्री मी तक्त्यात काहीच लिहिलं नाही.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी औषध दिलं. नेहमीसारखंच. कपात मोजून ओतलं, कप तिच्या हातात दिला, घड्याळ बघितलं, फ्रिजकडे वळून वेळ लिहिली. परत वळेपर्यंत ती रुमालाने तोंड पुसत होती. रिकामा कप माझ्या हातात दिला. आईने तो रुमाल उचलला आणि बाल्कनीत गेली. दोन मिनिटांनी तिथून हाक आली.

"हिकडं ये जरा."

"काय झालं?"

"ह्या रुमालांना मुंग्या लागल्यात."

"मग झटक ना, आई."

"झटकीन. पण मिठाच्या पाण्याला मुंग्या लागत्यात व्हय?"

मी वाकून बघितलं. दोरीवर रुमाल वाळत होते. त्यातले तीन-चार कडक झाले होते, फिकट गुलाबी डाग, आणि डागाभोवती काळ्या मुंग्यांची रांग अगदी ओढून काढल्यासारखी. मी एक रुमाल नाकाशी नेला. स्ट्रॉबेरीचा वास आला.

"मी काय तुझ्यावानी शिकल्याली न्हाई," आई हातातला ओला रुमाल उलगडत म्हणाली, "पण पोरगी औषिध गिळंना, येवढं कळतंय."

तीन थर्मामीटर, एक ग्राफ आणि एक रक्ताची तपासणी करून मला जे सापडलं नव्हतं, ते मुंग्यांनी फुकटात शोधून दिलं होतं. सोमवारी दुपारी औषध घेतलं की काय होतं, ते तिने बघितलं होतं. एका तासात शिकली. तोपर्यंत मी सगळ्यांना सांगायचो की हुशारीत ती माझ्यावर गेली आहे. आणि मी? मी रोज औषध दिल्याबरोबर तिच्याकडे पाठ करून, औषध दिलं असं लिहीत होतो.

मी चिडलो. भयंकर चिडलो, कारण घाबरलो होतो. दवाखान्याची पिशवी दाराशी भरून ठेवली होती. पण ओरडायचं नाही, मुळाशी जायचं, असं आमच्याकडे शिकवलेलं आहे. कंपनीत एखादा दोष सापडला की पाच वेळा 'का' विचारतात. प्रत्येक उत्तराला परत का, म्हणजे खरं कारण हाती येतं. प्रत्यक्षात दुसऱ्या-तिसऱ्या 'का'लाच एखादा कामगार सापडतो, आणि सगळे तिथे आनंदाने थांबतात, कारण पुढचे प्रश्न साहेबांच्या केबिनच्या दिशेने जायला लागतात. मी सोफ्यासमोर खुर्ची ओढली. टीव्हीचा आवाज बंद केला. बेडूक मुक्याने पत्रं फोडत राहिला.

"औषध का थुंकलंस?"

तिने रुमालाकडे बघितलं, आजीकडे बघितलं. "ताप कमी होतो म्हणून."

"मग कमी झालेला का नको?"

"टीव्ही बंद होतो."

झालं. दोषी सापडला. मुलीला टीव्हीचं वेड लागलंय, मी म्हणत होतो तेच खरं निघालं. फाइल इथेच बंद करता आली असती. पण काल सुई टोचून घेतली, रडली, आणि तरी बोलली नाही, हे मला पटत नव्हतं. एका बेडकासाठी?

"एवढा का हवा टीव्ही? काय आहे त्यात?"

"मला तो बेडूक आता आवडत पण नाही," ती म्हणाली. डोळे तापाने लाल झाले होते. "सगळे भाग बघून झालेत."

"मग?"

"टीव्ही चालू असला की तू इथे बसतोस."

"अगं, मी घरातच आहे की. चार दिवस कंपनी सोडून घरात आहे. तो बंद असला तरी मी इथेच असतो."

तिने हनुवटीने डायनिंग टेबल दाखवलं. लॅपटॉप, हेडफोन, चहाचा कप. "तिथे बसलास की तू कंपनीत असतोस."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात ओला रुमाल. ती म्हणाली, "आता पुढचा 'का' ह्याला इचार की गं."

मुलीने नाही विचारला. तिला कदाचित उत्तर माहीत होतं, किंवा ते ऐकायचं नव्हतं. मला लाज वाटली. मुलीला अंगावर घेऊन फिरणारा बाप मी कधी नव्हतो, पण आपली पोर माझ्या मांडीवर पाय टाकायला मिळावेत म्हणून एकशे दोन ताप अंगावर जपून ठेवते, हे मला झेपलं नाही. कंपनीत अशा ठिकाणी आम्ही 'मानवी चूक, संबंधितास समज दिली' असं लिहितो. इथे समज कुणाला द्यायची हे स्पष्ट होतं.

मी परत औषध मोजलं. या वेळी घड्याळ बघितलं नाही. तिच्या शेजारी बसलो आणि कप तिच्या ओठांना लावला. तिने सगळं तोंडात घेतलं आणि गाल फुगवून माझ्याकडे बघत बसली. गिळेना.

"गिळ, बाळा. मी इथेच बसतो."

तिने मान तिरकी केली, औषध एका गालात सरकवलं आणि कसंबसं विचारलं, "ताप उतरल्यावर पण?"

"हो," मी म्हणालो. लगेच म्हणालो. गिऱ्हाइकाने तारीख विचारली की म्हणतो तसा.

तिने माझा चेहरा नीट तपासला. मग गिळलं. तोंड उघडून जीभ बाहेर काढून दाखवली, गुलाबी जीभ, तोंडात काही नाही.

तासाभरात ताप शंभरच्या खाली आला. मी बसून होतो. टीव्ही बंद केला तरी बसून होतो. तिने मला वहीत बेडकाचं घर काढून दाखवलं, मी त्याला टपाल पेटी काढून दिली. तिने पाय मांडीवर टाकले. दुपारी आजीने मऊ भात भरवला. पाच वाजता दुसरं औषध तिने न सांगता घेतलं. बायको कॉलेजातून आली, तिला आईने सगळं सांगितलं, आणि तिने दाराशी ठेवलेली पिशवी रिकामी केली. सहा वाजता थर्मामीटर लावला, अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. मी डॉक्टरांना फोन करून कळवलं. ते म्हणाले, आता काळजी नको.

सव्वासहाला गिऱ्हाइकाबरोबर मीटिंग होती, चार दिवस पुढे ढकललेली. त्या मीटिंगला मी बसलो नाही, असं इथे लिहायला मला फार आवडलं असतं. "पंधराच मिनिटं," मी मुलीला म्हणालो आणि तिचे पाय उचलून उशीवर ठेवले. ती "बरं" म्हणाली. रडली नाही, टीव्ही मागितला नाही. मी डायनिंग टेबलावर जाऊन बसलो. मीटिंग दीड तास चालली आणि चांगली झाली. गिऱ्हाईक खूश होतं.

हेडफोन काढून आलो तेव्हा ती सोफ्यावरच झोपली होती. मी कपाळाला हात लावला. गार होतं. चार दिवस मी त्याच गार कपाळाची वाट बघत होतो, आणि आता ते हाताखाली होतं तर मला रडू आवरेना.